कोण आहेत आनंद पटवर्धन? प्रतिसरकार ते दाभोलकर, पन्नास वर्षांच्या कॅमेऱ्याचं सातारा-सांगलीशी नातं

सातारा/सांगली : सिनेमा म्हटलं की आपल्याकडं हिरो, गाणी आणि मारामारी डोळ्यापुढं येते. पण खऱ्या माणसांवर, खऱ्या घटनांवर काढलेला सिनेमाही असतो. त्याला माहितीपट म्हणतात. आनंद पटवर्धन हे गेली पन्नास वर्षं असेच सिनेमे काढत आले आहेत. राष्ट्रीय पुरस्कार त्यांना एकापेक्षा जास्त वेळा मिळाला, परदेशातल्या मोठ्या महोत्सवांत पहिला नंबर मिळाला, आणि तेच सिनेमे लोकांना दाखवण्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा कोर्टात जावं लागलं.

पटवर्धन मुंबईचे, त्यांचं घराणं नगरचं. तरी त्यांच्या कामाला सातारा-सांगलीचे दोन जुने धागे आहेत. एक धागा १९४२ च्या प्रतिसरकारचा आहे, दुसरा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा. हे धागे काय आहेत, या माणसानं नेमकं काय काम केलं, कोर्टकचेरी कशासाठी झाली आणि आपल्या गावातल्या मोबाईलवाल्यांना यातून काय घेण्यासारखं आहे, ते समजून घेऊ.

माहितीपट म्हणजे नक्की काय?

बातमी दोन मिनिटांची असते. आज काय घडलं ते ती सांगते. माहितीपट त्याच्या मागं जातो. हे का घडलं, कुणाचं काय गेलं, दहा वर्षांनी त्या माणसांचं काय झालं, हे तो दाखवतो. त्यात नट नसतात. ज्याच्यावर बेतलं तोच माणूस बोलतो.

रील आणि माहितीपट यात मोठा फरक वेळेचा. रील सकाळी काढलं की दुपारी गावभर जातं. पटवर्धनांनी एका माहितीपटासाठी १४ वर्षं चित्रण केलं. तेवढा काळ एखाद्या वस्तीत जात-येत राहिलं की लोक कॅमेऱ्याला बुजत नाहीत आणि मनातलं बोलतात.

माहितीपटात दिग्दर्शकाचं मत नसतं असं मात्र नाही. कुणाला बोलतं करायचं, कुठलं दृश्य ठेवायचं, कुठलं काढायचं, हे तोच ठरवतो. पटवर्धन आपली बाजू लपवत नाहीत. झोपडपट्टीवाले, मजूर, दलित, धरणग्रस्त यांच्या बाजूनं आपला कॅमेरा उभा आहे हे त्यांच्या प्रत्येक सिनेमात दिसतं. त्यांच्यावर टीका होते ती मुख्यतः त्यामुळंच.

पहिला धागा : चुलते अच्युतराव आणि प्रतिसरकार

आनंद पटवर्धन यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९५० चा. त्यांचे दोन चुलते स्वातंत्र्यलढ्यातले मोठे कार्यकर्ते होते, रावसाहेब पटवर्धन आणि अच्युतराव पटवर्धन. रावसाहेब गांधीजींच्या मार्गानं चालणारे. अच्युतराव समाजवादी. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला, त्याच्या संस्थापकांमध्ये ते होते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक आली आणि बहुतेक मोठे पुढारी तुरुंगात गेले. अच्युतराव मात्र भूमिगत झाले. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं, त्या लढ्याशी त्यांचं नाव जोडलं गेलं. त्यांना 'साताऱ्याचा सिंह' म्हटलं जायचं.

इथं नव्या पिढीसाठी एक गोष्ट सांगायला हवी. त्या वेळी सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून इतिहासाच्या पुस्तकात 'साताऱ्याचं प्रतिसरकार' असं लिहिलेलं असतं. येडेमच्छिंद्र, कुंडल आणि वाळवा ही त्यातली महत्त्वाची गावं आज सांगली जिल्ह्यात आहेत. नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, जी. डी. बापू लाड कुंडलचे, नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे. किसन वीर वाई तालुक्यातल्या कवठ्याचे.

प्रतिसरकारनं गावोगाव न्यायनिवाडा केला, सावकार आणि गुंडांना जरब बसवली, कमी खर्चात लग्नं लावली. तुफान सेनेची पोरं या कामात पुढं होती. ७ जून १९४३ रोजी कराड तालुक्यातल्या शेणोली इथं इंग्रज सरकारचा पैसा नेणारी रेल्वे अडवली, ती याच लढ्यात.

अच्युतराव वर्षानुवर्षं पोलिसांच्या हाती लागले नाहीत. स्वातंत्र्यानंतर मात्र त्यांनी सत्तेच्या राजकारणाकडं पाठ फिरवली आणि ते शिक्षणाच्या कामाकडं वळले. १९९२ साली त्यांचं निधन झालं.

पुतण्यानं या घराची गोष्ट फार उशिरा, २०२३ साली पडद्यावर आणली. त्या माहितीपटाचं नाव 'वसुधैव कुटुंबकम्'. त्यात आनंद यांनी आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना घरातच बोलतं केलं आहे. वडील वासुदेव. आई निर्मला या मातीची भांडी घडवणाऱ्या नामवंत कलाकार, मूळच्या सिंधमधल्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या. घरातल्या गप्पांतून फाळणी, गांधीजी, रावसाहेब आणि अच्युतराव असा सगळा काळ उलगडत जातो. चित्रण सुरू होतं तेव्हा पुढं सिनेमा करायचा असं काही ठरलेलं नव्हतं. आईवडील थकत चालले होते, म्हणून मुलानं कॅमेरा सुरू केला. आता दोघंही नाहीत. चित्रण तेवढं राहिलं.

सुरुवात : मागून आणलेला कॅमेरा

मुंबई विद्यापीठातून १९७० साली पदवी घेतल्यावर आनंद शिष्यवृत्तीवर अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात गेले. तिथं समाजशास्त्र शिकले. व्हिएतनामवरच्या युद्धाच्या विरोधात तिथले विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, त्यात तेही होते. सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेसाठीही त्यांनी काही काळ काम केलं. १९७२ साली परत आल्यावर ते थेट मध्य प्रदेशातल्या खेड्यात गेले आणि 'किशोर भारती' या संस्थेत शिक्षण आणि शेतीच्या कामाला लागले. म्हणजे सिनेमा नंतर आला, आधी खेड्यातलं काम आलं.

१९७४ साली बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांचं आंदोलन पेटलं. पटवर्धन तिथं गेले. आंदोलकांवर लाठीमार झाला तर पुरावा हवा, म्हणून कॅमेऱ्याचा विचार पुढं आला. कॅमेरा स्वतःचा नव्हता. घरगुती वापराच्या लहान फिल्मवर चित्रण केलं, ते भिंतीवर पाडलं आणि मोठ्या कॅमेऱ्यानं पुन्हा टिपून घेतलं. असा जुगाड करून 'क्रांति की तरंगें' तयार झाला.

तो दाखवायला सुरुवात झाली आणि जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. सिनेमा लपवावा लागला. फिल्मचे तुकडे करून ते वेगवेगळ्या मार्गांनी देशाबाहेर नेले गेले आणि परदेशात जोडून दाखवले गेले. आणीबाणी उठल्यावर १९७८ साली त्यांनी राजकीय कैद्यांवर 'ज़मीर के बंदी' केला. पुढं कॅनडात मॅकगिल विद्यापीठात शिकत असताना तिथल्या शेतात राबणाऱ्या पंजाबी मजुरांवर 'अ टाइम टू राइज' केला, १९८१ साली. कॅनडात हे मजूर शेतात फळं आणि भाजी तोडायचे. ना किमान मजुरी, ना सोयी. त्यांनी संघटना कशी बांधली त्याची ही गोष्ट. ऊसतोडीची टोळी ज्यानं जवळून पाहिली आहे, त्याला ती लगेच कळेल.

'हमारा शहर' : मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांची गोष्ट

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. या दुष्काळी पट्ट्यातली किती घरं मुंबईला गेली, कुणी माथाडी झालं, कुणी गिरणीत लागलं, ते सांगायला नको. शहर त्यांच्या हातांनी चालतं, पण राहायला जागा नाही, म्हणून झोपडी. आणि झोपडी बेकायदा म्हणून पाडायची.

१९८५ सालच्या 'हमारा शहर'मध्ये हेच आहे. एकीकडं झोपड्या पाडणारे पालिकेचे कामगार आणि डोक्यावर संसार घेऊन उभ्या बाया, दुसरीकडं बंगल्यात बसून शहर स्वच्छ कसं करायचं यावर बोलणारी मंडळी. एका दृश्यात झोपडीतली बाई दिग्दर्शकालाच सुनावते. आमचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमचं काय होणार, असा तिचा सवाल. पटवर्धनांनी ते दृश्य कापलं नाही, सिनेमात ठेवलं.

या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, फिल्मफेअरही मिळालं. पण बक्षीस घेऊन गप्प बसता येत नव्हतं. १९८६ साली मुंबईतली संजय गांधी नगर ही वस्ती पाडली, तेव्हा तिथल्या रहिवाशांबरोबर पटवर्धन आणि अभिनेत्री शबाना आझमी उपोषणाला बसले.

'राम के नाम' आणि धर्माचं राजकारण

त्यांचा सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात वादाचा माहितीपट 'राम के नाम'. १९९० साली लालकृष्ण अडवाणी यांची सोमनाथहून अयोध्येकडं रथयात्रा निघाली, त्या काळातलं हे चित्रण. रथयात्रेतले कार्यकर्ते, विरोध करणारे, अयोध्येतले मुसलमान, शेतात राबणारे दलित, असे सगळे यात बोलतात.

त्यातला लक्षात राहणारा माणूस म्हणजे पुजारी लालदास. वादग्रस्त जागेतल्या राममंदिराचे ते कोर्टानं नेमलेले पुजारी. रामाच्या नावानं चाललेला हिंसाचार चुकीचा आहे, हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर स्पष्ट सांगितलं. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, त्याच्या आधीच हा माहितीपट पूर्ण झाला होता. पुढं नोव्हेंबर १९९३ मध्ये लालदास यांचा खून झाला.

'राम के नाम'ला शोधपर माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे सरकारनंच बक्षीस दिलं. पण सरकारी दूरदर्शननं तो दाखवायला नकार दिला.

हिंदुत्ववादी संघटनांचा या माहितीपटावरचा आक्षेप असा की तो एकतर्फी आहे आणि हिंदूंना बदनाम करतो. पटवर्धनांचं म्हणणं असं की देवावर श्रद्धा वेगळी आणि देवाच्या नावावर मतं मागणं वेगळं. हा वाद तीस वर्षांनंतरही मिटलेला नाही. आजही कॉलेजांत या माहितीपटाचा खेळ लावला की कधी परवानगी नाकारली जाते, कधी पोलीस येतात.

कोर्टात काय झालं?

आपल्याकडं बांधाच्या भांडणासाठी लोक वीस-वीस वर्षं कोर्टात जातात. पटवर्धनांनी सिनेमा दाखवण्यासाठी तेवढ्या चकरा मारल्या. त्यांचा मुद्दा साधा होता. दूरदर्शन लोकांच्या पैशावर चालतं, सरकारच्याच परीक्षकांनी माहितीपट चांगला ठरवला, मग तो लोकांना का दाखवायचा नाही? लोकांना माहिती मिळण्याचा हक्क घटनेनं दिला आहे.

यातला महत्त्वाचा निकाल 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' या माहितीपटाचा. पुरुषीपणाचा खोटा अभिमान आणि धार्मिक दंगली यांचं नातं त्यात दाखवलं आहे. १९८७ सालचं राजस्थानातलं रूपकंवर सतीप्रकरण आणि १९९२-९३ ची मुंबईतली दंगल त्यात येते. माहितीपट १९९५ चा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००६ चा. आठ आठवड्यांच्या आत दूरदर्शननं तो दाखवावा, असा आदेश कोर्टानं दिला. अकरा वर्षं लागली.

दुसरी लढाई सेन्सॉर बोर्डाशी. १९९८ साली पोखरणला अणुचाचण्या झाल्या, पाठोपाठ पाकिस्ताननंही केल्या. दोन्हीकडं मिठाई वाटली गेली. पटवर्धनांनी दोन्ही देशांत आणि जपानात फिरून 'जंग और अमन' हा माहितीपट केला. पोखरणजवळच्या खेतोलाई गावातल्या लोकांना चाचणीनंतर काय वाटतं, तेही त्यात आहे. सेन्सॉर बोर्डानं त्यात २१ ठिकाणी कापाकापी करायला सांगितली. पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००३ साली एकही दृश्य न कापता माहितीपट दाखवायची परवानगी मिळवून आले. हे निकाल पुढं दुसऱ्या सिनेमावाल्यांनाही उपयोगी पडले.

धरण, मासे आणि शाहीर

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या धरणग्रस्तांचा प्रश्न कुणाला नवा नाही. पाणी आलं, वीज आली, पण ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीलाही जमिनीसाठी मोर्चे काढावे लागले. १९९५ साली सिमंतिनी धुरू यांच्याबरोबर पटवर्धनांनी केलेला 'नर्मदा डायरी' हा माहितीपट सरदार सरोवराच्या धरणग्रस्तांचा आहे. बुडणाऱ्या गावातले आदिवासी सण साजरे करतात आणि घर सोडत नाहीत, ते त्यात दिसतं. पुनर्वसनाचा कागद आणि प्रत्यक्ष मिळालेली जमीन यातलं अंतर पाटण आणि जावळीच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. १९९८ साली त्यांनी मोठ्या ट्रॉलरांमुळं आणि कोळंबीच्या कारखानदारीमुळं हवालदिल झालेल्या मच्छीमारांवरही माहितीपट केला.

मराठी माणसाला सगळ्यात जवळचा वाटावा असा माहितीपट म्हणजे २०११ चा 'जय भीम कॉम्रेड'. चौदा वर्षं चित्रण झालेला तो हाच. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. घोगरे पटवर्धनांच्या ओळखीचे होते. 'हमारा शहर'मध्ये त्यांचं गाणं आहे.

तिथून पटवर्धनांनी कॅमेरा हातात घेतला आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत खाली ठेवला नाही. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली. पण शिक्षा होऊनही तो जामिनावर बाहेर राहिला. हे सगळं माहितीपटात आहे. त्याचबरोबर त्यात जलसे आहेत, पोवाडे आहेत, पुण्यातल्या कबीर कला मंचाची तरुण पोरं आहेत. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी डफ-तुणतुणं घेऊन जी शाहिरी मुंबईच्या कामगारांत नेली, तिचीच ही पुढची पिढी. वाळवा तालुक्यातून निघालेली ही वाट पुढं कुठवर गेली, ते या माहितीपटात पाहायला मिळतं.

हा माहितीपट पटवर्धनांनी थिएटरवर अवलंबून न राहता वस्त्यावस्त्यांत पडदा लावून दाखवला. मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा मान मिळाला, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार.

दुसरा धागा : दाभोलकरांचा खून आणि 'विवेक'

२० ऑगस्ट २०१३. सकाळी पुण्यात फिरायला गेलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. सातारा त्या दिवशी सुन्न झाला होता. कारण दाभोलकर साताऱ्याचेच. शाळा साताऱ्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, कॉलेज सांगलीत विलिंग्डनमध्ये, डॉक्टरकी मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. कबड्डीचे नावाजलेले खेळाडू. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. साताऱ्यातलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्तीचं काम त्यांचंच. म्हणजे हा माणूस सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांनी मिळून घडवलेला.

दुसऱ्याच दिवशी पुण्यात 'जय भीम कॉम्रेड'चा खेळ होता. खेळानंतर तो भरवणाऱ्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली. चार दिवसांनी, २४ ऑगस्टला, जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश निघाला. दाभोलकर ज्यासाठी अठरा वर्षं झगडले, तो कायदा त्यांच्या मरणानंतर आला.

मग फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. एम. एम. कलबुर्गी आणि सप्टेंबर २०१७ मध्ये बेंगळुरूला पत्रकार गौरी लंकेश. या चार खुनांचा माग पटवर्धनांनी 'विवेक' या माहितीपटात घेतला आहे. चार तासांहून मोठा, आठ भागांचा. सुरुवात दाभोलकरांपासून होते. शिवाजी महाराज सगळ्या रयतेचे राजे होते, हे पानसऱ्यांनी गावोगाव सांगितलं, तेही यात येतं.

२०१८ साली नेदरलँडमधल्या ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात 'विवेक'ला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. माहितीपटांच्या जगात हा महोत्सव फार मोठा मानतात. आपल्याच देशात केरळच्या महोत्सवात मात्र तो दाखवायला २०१९ साली उच्च न्यायालयाची परवानगी आणावी लागली.

दाभोलकर खटल्याचा निकाल मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयात लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघांची निर्दोष मुक्तता झाली. खून झाल्यापासून जवळजवळ अकरा वर्षं लागली.

बक्षीस परतही केलं

ऑक्टोबर २०१५ मध्ये पटवर्धनांनी आपला राष्ट्रीय पुरस्कार सरकारला परत केला. त्यांच्यासोबत आणखी काही दिग्दर्शक होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांचा संप आणि दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी यांचे खून ही कारणं त्यांनी दिली. यावर दोन मतं झाली. काहींनी याला राजकीय नाटक म्हटलं, काहींनी धाडस म्हटलं.

पटवर्धनांचं काम करण्याची रीत साधी आहे. कॅमेरा बहुतेक वेळा स्वतः धरायचा, एडिटिंग स्वतः करायचं, प्रती विकून आलेल्या पैशातून पुढचं काम. मोठा निर्माता नाही म्हणून कुणाचा दबावही नाही. वेळ मात्र लागतो. पन्नास वर्षांत मोठे माहितीपट पंधराच्या आसपास.

ठळक माहितीपट एका नजरेत

- क्रांति की तरंगें : बिहारचं आंदोलन, १९७४-७५
- हमारा शहर (१९८५) : मुंबईतले झोपडपट्टीवासी
- राम के नाम (१९९२) : अयोध्या आणि रथयात्रा
- पिता, पुत्र और धर्मयुद्ध (१९९५) : पुरुषीपणा आणि दंगली
- नर्मदा डायरी (१९९५) : धरणग्रस्त
- जंग और अमन (२००२) : अणुबॉम्ब, भारत आणि पाकिस्तान
- जय भीम कॉम्रेड (२०११) : रमाबाई नगर गोळीबार आणि शाहिरी
- विवेक (२०१८) : दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, लंकेश
- वसुधैव कुटुंबकम् (२०२३) : स्वतःचं घर आणि स्वातंत्र्यलढा

यातले काही माहितीपट यूट्यूबवर फुकट पाहता येतात. 'जय भीम कॉम्रेड' आणि 'विवेक' मोठे आहेत. एका बैठकीत जमलं नाही तर थोडे थोडे पाहावेत.

आपल्या गावाचं काय?

प्रतिसरकारमधली माणसं एक एक करून गेली. जी. डी. बापू २०११ साली गेले, नागनाथअण्णा २०१२ साली. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे कुंडलचे रामचंद्र लाड, शंभरीच्या उंबरठ्यावर २०२२ साली गेले. पत्रकार पी. साईनाथ यांनी कुंडलला येऊन त्यांना बोलतं केलं होतं, म्हणून शेणोलीच्या रेल्वेची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायची सोय झाली. पण भूमिगतांना रात्री भाकरी पोहोचवणाऱ्या बाया, निरोप नेणारी पोरं, पोलिसांचा मार खाऊन गप्प राहिलेले गावकरी, यांतल्या किती जणांचं बोलणं कुठं नोंदवलेलं आहे? बहुतेकांची गोष्ट त्यांच्याबरोबर गेली.

ती पिढी आता जवळजवळ संपली. पण तिच्याकडून ऐकलेली पिढी अजून आहे. १९६७ चा कोयनेचा भूकंप सोसलेली माणसं आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आज्या आहेत. धरणात गाव गेलेले आजोबा आहेत. गिरणी संपात घरी परतलेले कामगार आहेत. २०१९ च्या महापुरात सांगली, पलूस, वाळव्याकडं ज्यांच्या घरात पाणी शिरलं, ते तर सगळेच आहेत. पटवर्धनांना १९७४ साली कॅमेरा मागून आणावा लागला. आज तो प्रत्येक घरात, खिशात आहे.

कुणाला असं काम करायचं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

*आधी विचारा, मग चित्रण करा.* कशासाठी काढतोय, कुठं दाखवणार, ते त्या माणसाला सांगा. नको म्हणाला तर थांबा. काढलेलं आधी त्यालाच दाखवा.

*आवाजाकडं लक्ष द्या.* चित्र थोडं हललं तर चालतं, पण बोलणं ऐकू आलं नाही तर सगळं वाया. पंखा, टीव्ही, मोटर बंद करा. मोबाईल आडवा धरा आणि माणसाच्या जवळ बसा.

*सुरुवातीलाच नोंद करा.* पूर्ण नाव, गाव, वय आणि त्या दिवसाची तारीख बोलून घ्या. वीस वर्षांनी हे कोण आणि कधीचं, असा प्रश्न पडायला नको.

*मध्ये बोलू नका.* म्हातारं माणूस थांबतं, आठवतं, मग बोलतं. ते थांबणं तोडू नका. तारखा चुकल्या तरी लगेच दुरुस्त करू नका, नंतर कागदपत्रांशी ताडून घ्या.

*मूळ चित्रण जपा.* व्हॉट्सॲपवर पाठवलं की चित्र बारीक होतं. मूळ फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मोबाईल पडला, चोरीला गेला की सगळं जातं.

*तुकडा तोडून पसरवू नका.* कुणाच्या बोलण्यातलं एकच वाक्य कापून फिरवलं की अर्थ बदलतो आणि गावात भांडणं लागतात. पटवर्धनांचे विरोधक त्यांना एकतर्फी म्हणतात, पण त्यांच्या सिनेमात विरोधकही पोटभर बोलतात. एवढं तरी प्रत्येकाला करता येईल.

गणपतीत आणि जत्रेत आजही कित्येक गावांत पडदा लागतो. एखाद्या वर्षी त्याच पडद्यावर गावातल्याच चार म्हाताऱ्या माणसांचं बोलणं दाखवलं तर त्याला कुठल्या महोत्सवाच्या परवानगीची गरज नाही. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल, तर मात्र पुढच्या वर्षाची वाट पाहू नये.